पन्नासावरून सोळावर : हिदेकी मात्सुईची गोष्ट

मंडळी, बेसबॉलशी माझी ओळख झाली ती मुलामुळे. न्यू जर्सीत नवीन होतो तेव्हा "हे कसलं क्रिकेट, सगळे फुलटॉसच!" म्हणून मी नाक मुरडायचो. मुलगा लिटल लीगमध्ये खेळू लागला, शनिवारच्या सकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत जाऊ लागल्या, आणि हळूहळू गोडी लागली. सध्या आमच्या भिंतीवर शोहेई ओहतानी विराजमान आहे. "बाबा, ओहतानीच्या आधी जपानचा असा कोण होता?" चिरंजीवांनी एकदा विचारलं. उत्तर शोधायला बसलो आणि हिदेकी मात्सुईत अडकलो.

तसे जपानी खेळाडू इथे आधीही आले होते. मासानोरी मुराकामी १९६४ मध्ये, हिदेओ नोमो १९९५ मध्ये. पण ते पिचर. २००१ मध्ये आलेला इचिरो सुझुकी फलंदाज खरा, पण त्याचं बळ चपळाईत आणि अचूक फटक्यांत. जपानी माणूस अमेरिकेत येऊन होमरन ठोकू शकेल का, हा प्रश्न उरलाच होता.

मात्सुईचं टोपणनावच 'गॉडझिला'! १९९२ च्या कोशिएन या शालेय स्पर्धेत त्याची इतकी धास्ती होती, की प्रतिस्पर्धी संघानं पाचही वेळा मुद्दाम बाहेर चेंडू टाकून त्याला फुकट बेस दिला. त्याला बॅट फिरवायची संधीच मिळाली नाही आणि त्याची शाळा ३-२ अशी हरली. देशभर गदारोळ झाला, पण पोरगा मात्र शांत. पुढे योमिउरी जायंट्सकडून दहा वर्षांत ३३२ होमरन, त्यातले ५० एकट्या २००२ मध्ये. मग तो न्यूयॉर्क यांकीजमध्ये आला.

८ एप्रिल २००३. यांकी स्टेडियमवरचा त्याचा पहिलाच सामना, समोर मिनेसोटा ट्विन्स. ट्विन्सनी आधीच्या फलंदाजाला मुद्दाम बेस देऊन मात्सुईशी गाठ घेणं पसंत केलं. कोशिएनच्या अगदी उलट! तिन्ही बेस भरलेले असताना त्यानं चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. ग्रँड स्लॅम!

हिंदी सिनेमा असता तर इथेच 'समाप्त'ची पाटी आली असती. खरी गोष्ट मात्र पुढेच आहे. इथले पिचर शेवटच्या क्षणी खाली बसणारा, बाहेर सरकणारा वेगवान चेंडू टाकत. जपानमध्ये असा मारा त्याला फारसा भेटला नव्हता. सवयीनं तो चेंडू उजवीकडे ओढायला जाई आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत सेकंड बेसमनच्या हातात! मे महिन्यात होमरन जवळजवळ आटलेच. आपण याच ताकदीच्या माणसाला पैसे मोजले होते का, असं संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर जाहीरपणे बोलू लागले. पाठीशी जपानी पत्रकारांचा ताफा रोज प्रश्न विचारायला हजर. तो मात्र जिंकल्यावर आणि हरल्यावर सारख्याच शांतपणे उत्तरं देई.

मग त्यानं होमरनचा हट्ट सोडला. बाहेरचा चेंडू जिथे जातोय तिथेच, म्हणजे डावीकडे मारायला लागला. जूनपासून बॅट बोलू लागली. वर्षाअखेरीस होमरन फक्त १६, पण त्याच्या फटक्यांवर संघाच्या १०६ धावा निघाल्या. एकही सामना त्यानं चुकवला नाही.

तरीही 'सर्वोत्तम नवोदित' हा किताब ८८ विरुद्ध ८४ गुणांनी हुकला. दोन पत्रकारांनी त्याचं नावच लिहिलं नाही. म्हणे, जपानमध्ये दहा वर्षं खेळलेला माणूस नवोदित कसला? म्हणजे गंमत बघा, होमरन पडत नव्हते तेव्हा जपानच्या अनुभवाला किंमत नव्हती, आणि बक्षिसाच्या वेळी तोच अनुभव आडवा आला!

हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली मुलाखत आठवली. पुण्यात पाच वर्षं घासून आलो होतो, टीम सांभाळली होती. समोरच्यानं विचारलं, "ते ठीक आहे, पण इथला अनुभव किती?" ज्युनियरचं काम मिळालं. वर्षभर मी धुमसत होतो, आणि तो राग घरी बायकोवर निघत होता. पुण्यात आम्ही असं करायचो, हे पालुपद ऑफिसात किती वेळा लावलं असेन, देव जाणे. घरंगळणारे चेंडू दुसरं काय!

मात्सुईचे होमरन परत आले. २००४ मध्ये ३१. २००६ च्या मे महिन्यात झेल घ्यायला झेपावताना डावं मनगट मोडलं, तर यानं संघाचीच माफी मागितली! आणि २००९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, गुडघे इतके गेलेले की क्षेत्ररक्षण बंद, तरी सहाव्या सामन्यात एकट्यानं सहा धावा मिळवून दिल्या. यांकीज जिंकले, मालिकावीर मात्सुई.

२०१२ मध्ये तो थांबला. अमेरिकेतले होमरन १७५, दोन्ही देशांतले मिळून ५०७. त्याचा १७५ चा जपानी उच्चांक ओहतानीनं एप्रिल २०२४ मध्ये मागे टाकला.

चिरंजीवांना हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "मग पहिल्या वर्षी तो हरला ना?" मी म्हटलं, "नाही रे, पहिल्या वर्षी तो शिकला." मनात म्हटलं, हे मला माझ्या पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर! आपल्या मंडळात नव्यानं आलेलं एखादं जोडपं यंदाच्या फराळाला भेटलं, तर त्यांना मात्सुईच्या त्या सोळा होमरनची गोष्ट नक्की सांगा.

शुभ दीपावली!