लंडन नेक्रोपोलिस रेल्वे

लंडनमधील मृतांच्या शवपेट्या व त्यांचे आप्त यांना सरे परगण्यातील ब्रुकवुड दफनभूमीपर्यंत एकाच गाडीने नेणारी रेल्वेसेवा (१८५४–१९४१). १८४८–४९ च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. चर्चची आवारे तर आधीच भरून गेली होती. तेव्हा शहरापासून सुमारे ३७ किमी.वर विस्तीर्ण दफनभूमी करून प्रेते आगगाडीने न्यावीत, अशी योजना पुढे आली. १८५२ मध्ये ही सेवा चालवणाऱ्या कंपनीला कायद्याने मान्यता मिळाली व नोव्हेंबर १८५४ मध्ये गाडी सुरू झाली. लंडनचे बिशप ब्लोमफील्ड यांना मात्र आगगाडीची धावपळ अंत्यसंस्काराच्या गांभीर्याला न शोभणारी वाटत होती.

वॉटर्लूजवळ कंपनीचे स्वतंत्र स्थानक होते. शवपेट्या वाफेवर चालणाऱ्या पाळण्याने फलाटावर चढवत. प्रवास तासाभराचा. जिवंतांप्रमाणे मृतांनाही तीन वर्ग असत: शवपेटीचे भाडे पहिल्या वर्गाला १ पौंड, दुसऱ्याला ५ शिलिंग, तिसऱ्याला अडीच शिलिंग. आप्तांना परतीसह अनुक्रमे ६, साडेतीन व २ शिलिंग पडत. मृताचे तिकीट अर्थातच एकेरी. गाडीत अँग्लिकन व इतर पंथीय यांचे डबे निराळे, दफनभूमीतही दोघांची स्थानके निराळी. भेदाचा एवढा काटेकोरपणा क्वचितच दिसेल. तरीही कंपनीच्या पदरी एक गोष्ट टाकावी लागते: पॅरिशच्या (स्थानिक चर्च-विभागाच्या) खर्चाने आलेल्या निर्धनालाही येथे सामायिक खड्डा नव्हे, स्वतंत्र थडगे मिळे, फक्त त्यावर कायमचे स्मारक उभारण्याचा हक्क नसे.

भाडे जवळजवळ अखेरपर्यंत तेच राहिले. परिणामी ही गाडी नेहमीच्या गाडीपेक्षा स्वस्त पडू लागली आणि ब्रुकवुडकडे निघालेले काही गोल्फ खेळाडू शोकाचा पोशाख चढवून तीत बसत, असे सांगतात.

ब्रुकवुडमध्ये पारशी समाजासाठी वेगळा भाग आहे. १९०४ मध्ये जर्मनीत निधन पावलेले जमशेटजी टाटा यांची समाधी तेथेच आहे.

१९०० नंतर रोजची फेरी बंद होऊन गाडी गरजेपुरती सुटू लागली. मोटारीच्या शववाहिका रूढ झाल्यावर उतारू आणखी घटले. एप्रिल १९४१ मधील बाँबहल्ल्यात लंडनचे स्थानक उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर ते पुन्हा बांधणे परवडणारे नाही, असे ठरल्याने सेवा कायमची थांबली.