नोड नंबर तोच राहिला पाहिजे

५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ चा सपोर्ट संपला. गंमत म्हणजे ते आलं होतं तेही ५ जानेवारीलाच, २०११ साली. बरोब्बर चौदा वर्षं!

आपल्याला त्याचं काय, असं म्हणू नका मंडळी. मनोगत (२००४), मिसळपाव (२००७), ऐसी अक्षरे (२०११) ही सगळी ड्रुपलवरची घरं. १९९६ पासूनची मायबोलीसुद्धा पुढे ड्रुपलवरच आली.

ड्रुपलवाल्यांचा जुना खाक्या असा, की नव्या आवृत्तीत कोड मोडला तरी चालेल, डेटा मात्र टिकला पाहिजे. ७ पर्यंत त्याच डेटाबेसवर अपडेट चालवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. १९ नोव्हेंबर २०१५ ला ८ आलं, तेही सिम्फनीवर उभं. जुनी मॉड्यूल्स, थीम सगळं बाद. आता शेजारी नवी साइट बांधायची आणि मायग्रेट मॉड्यूलने सामान हलवायचं. लोक हललेच नाहीत. मग ७ ची मुदत २०२१ वरून २०२२, २०२३ आणि शेवटी २०२५ अशी सरकत गेली. धाकटं ८ मात्र नोव्हेंबर २०२१ मध्येच संपलं!

मराठी साइटचं दुखणं आणखी वेगळं. मायएसक्यूएल ४.१ च्या आधी डेटाबेसला युनिकोड कळतच नव्हतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजायचे. म्हणजे २५५ बाइटच्या रकान्यात जेमतेम ८५ चिन्हं. पुढचं शीर्षक तुटलं की कायमचं गेलं.

गेल्या वर्षी इथे नाशकात एका संस्थेची २००८ पासूनची साइट मी ७ वरून १० वर नेली. सगळे लेख आले, मी खूश. दोन दिवसांनी एका काकांचा फोन. "अरे, आमच्या हिच्या लेखाची लिंक लागत नाही." काकू जाऊन सहा वर्षं झालेली. लेख होता, पण मी नोडना नवे नंबर पडू दिले होते. काकांनी वहीत लिहून ठेवलेला पत्ता जुना.

शनिवारी सगळं पुसून जुन्याच नंबरांनी पुन्हा मायग्रेशन चालवलं. रात्री काकांना फोन केला. म्हणाले, "लागली."

आवृत्त्या येतील, जातील. पण लोकांच्या वहीतला पत्ता आपण बदलू नये. असो.