घाण्याची पेंड आणि डुकराचे पिल्लू

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास बार्देशाबरोबरच पेडणे आणि डिचोली या शेजारच्या तालुक्यांतूनही माल येतो. एकीकडे खोबरेल तेल, तर दुसरीकडे मसाल्यात मुरविलेल्या चोरिसांच्या माळा विकावयास मांडलेल्या असतात. या दोन जिनसांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. तेल काढल्यावर घाण्यात उरणारी पेंड हा तो दुवा होय.

गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या परसात डुकरे पाळण्याची चाल पिढ्यान् पिढ्यांची. पेज, कोंडा, स्वयंपाकघरातील उरलेसुरले, हंगामात काजूची बोंडे, हा त्यांचा आहार. त्यात मूठभर नारळाची पेंड पडली की जनावर भरू लागे. कारण साधे आहे. या पेंडीत शेकडा २० च्या आसपास प्रथिने असतात आणि घाण्यातून सुटलेले थोडे तेलही राहते. शिवाय प्राणी जी चरबी खातो तिचा गुण त्याच्या अंगी उतरतो. खोबरेल थंडीत थिजते. त्या पेंडीवर पोसलेल्या डुकराची चरबीही घट्ट राहते. उलट अमेरिकेच्या दक्षिण भागात भुईमुगावर वाढविलेल्या डुकरांची चरबी इतकी मऊ व तेलकट होऊ लागली की व्यापारी कमी भाव देऊ लागले, आणि १९२० च्या सुमारास तेथील सरकारी कृषिखात्यास या मऊ मांसाचे संशोधन हाती घ्यावे लागले.

परंतु मोठ्या डुकरास मानवते ते पिल्लास मानवेलच असे नाही. पिल्लाचे पोट आरंभी केवळ आईच्या दुधासाठी घडलेले असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर आईचे दूध पुरेनासे होते, तेव्हा बाहेरचे अन्न हवे. ते पचविण्याची शक्ती मात्र सावकाश येते. नारळाच्या पेंडीत तंतू फार, आणि वाढीस अवश्य असे लायसिन हे द्रव्य कमी. म्हणून पिल्लास ती थोडीच, मासळी किंवा दूध यांच्या जोडीने द्यावी लागते.

लायसिनाची ही उणीव सोयाबीन बरीच भरून काढते. पण कच्चे सोयाबीन प्रथिने पचविणाऱ्या रसालाच अडविते. १९१७ साली ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजविलेल्यावर वाढतात. बियांतील जन्मजात दोष अग्नीने जातो, हा त्यातून मिळालेला धडा.

दुसरा धडा याहून कठोर होता. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची १ लाखाहून अधिक पिले अल्पावधीत मेली. प्रथम रोगाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. पुढे शोध लागला की ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने विष निर्माण केले होते. अशाच पेंडीने डुकरे आणि वासरेही दगावल्याचे दिसून आले. त्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृतावर आघात करते, आणि कोवळ्या वयाच्या जनावरांना सर्वांत अधिक बाधते. हे विष साध्या शिजविण्याने किंवा भाजण्याने जात नाही. बुरशी झाडून टाकली तरी मागे उरते. बियांच्या अंगचा दोष माणूस चुलीवर घालवू शकतो. आपल्या हेळसांडीने आत शिरलेला दोष चूलही घालवीत नाही.

गोव्यासारख्या पावसाळी प्रदेशात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. खोबरे अर्धवट वाळले, पेंडीची पोती ओल्या जमिनीवर राहिली, की मृगाच्या सरींबरोबर बुरशी धरते. तेव्हा खोबरे कडक उन्हात पुरते वाळविणे, पेंड फळीवर, भिंतीपासून दूर ठेवणे, आणि कुबट वास येणारी पेंड जनावराच्या तोंडी मुळीच न घालणे, एवढेच उपाय खरे. जुन्या गृहिणी हे करीत, तेव्हा त्यांना बुरशीच्या विषाचे नाव माहीत नव्हते. चार पैशांची पेंड फुकट जाऊ नये म्हणून जो ती पिल्लांपुढे ओततो, त्याची सबंध वीत एका पावसाळ्यात जाऊ शकते.