तीर्थपुरी
तीर्थपुरी : जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी असून जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे या पट्ट्यात कापूस-ज्वारीच्या जोडीला ऊस आला. हा भाग पूर्वी अंबड तालुक्यात आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. पण गावाला तालुका-जिल्ह्याची चौकट मुळात मिळाली ती निजामी राजवटीत, आणि राजसत्ता गावात खऱ्या अर्थाने शिरली तीही तेव्हाच. निजामाचा अंमल मराठवाड्यावर अठराव्या शतकापासून होता. पण तो मक्तेदार आणि देशमुख-देशपांड्यांच्या हातून चाले. सारा मक्त्याने दिला जाई, मक्तेदार हैदराबादला ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून किती उकळायचे ते स्वतः ठरवी. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी हा मधला थर हटवला. १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर, म्हणजे जिल्ह्यांच्या आखणीनंतर, पगारी तालुकदार आणि तहसीलदार आले, पोलीसखाते उभे राहिले. ठिकठिकाणच्या टांकसाळी मागे पडून हैदराबादचा हाली सिक्काही सालारजंगांच्याच काळात चालू लागला. कुलकर्ण्याचे मोडी दप्तर तेच राहिले, पण त्यातला हिशेब आता तहसील कचेरीत तपासला जाऊ लागला. लढाईने जे साधले नव्हते ते या तपासणीने साधले.

लढाईऐवजी कारभारातून राजसत्ता कशी पसरते हे समजायला इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १५३६ च्या कायद्याने त्याने सरदारांच्या खास हक्कांच्या मुलखात न्यायदानाचा अधिकार राजाकडे घेतला, वेल्समध्ये इंग्रजी कायदा आणि परगण्यांची रचना लागू केली, आणि उत्तरेतील बंडानंतर तिकडच्या कारभारासाठी कायमचे मंडळ नेमले. तेथेही आखणी बव्हंशी मंत्र्याची, टॉमस क्रॉमवेलची होती. या तुलनेवर दोन आक्षेप संभवतात. निजाम स्वतःच ब्रिटिश रेसिडेंटच्या दबावाखाली होता, मग ही राजसत्ता कसली? आणि जहागिरी, पायगा (सरदार घराण्यांचा मुलूख), सर्फ-ए-खास (निजामाचा खासगी मुलूख) हा मोठा भाग दिवाणीच्या, म्हणजे सरकारी कारभाराच्या, बाहेरच राहिला. दुसरा आक्षेप वजनदार आहे. जहागिरी गेल्या त्या १९४९ मध्ये, हैदराबादवरील भारताच्या पोलीस कारवाईनंतर. मात्र दिवाणी गावांपुरता हा आक्षेप लागू नाही. पहिल्या आक्षेपात तथ्य असले तरी दबाव वरून होता. खाली रयतेला पावती कोण देतो हे त्याने बदलत नाही. देशमुखांचा दरारा पुढेही टिकला हे खरे, पण वसुलीचे काम काढून घेऊन त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रोख रक्कम, बांधून दिली गेली. हक्काची रोकड झाली की तो हक्क सरकारच्या मर्जीवर येतो.

या सत्तेची खूण गढी-बुरुजांपेक्षा कागदात अधिक टिकली. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की आजही सातबाऱ्यामागे जाऊन निजामकालीन सेतवार (जमीन मोजणीचे जुने दप्तर) मागितले जातात. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली, आणि त्या शोधात राज्य सरकारची समिती थेट हैदराबादपर्यंत गेली.