मास असाइनमेंट (रूबी ऑन रेल्स)

मास असाइनमेंट : डेटाबेसमधील एका नोंदीसाठी उभ्या केलेल्या मॉडेल-ऑब्जेक्टच्या अनेक ॲट्रिब्यूटमध्ये, नाव-मूल्य जोड्यांची एकच यादी देऊन, एकाच वेळी मूल्ये भरण्याची सोय. कोणती ॲट्रिब्यूट भरायची हे कोडमध्ये लिहिलेले नसते; प्रोग्राम चालू असताना यादीतील नावांवरून ते ठरते. रूबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये खुले केले. त्यातील ॲक्टिव्ह रेकॉर्ड ही लायब्ररी मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या त्याच नावाच्या रचनेवर बेतलेली आहे.

कार्यपद्धती : ॲक्टिव्ह रेकॉर्ड टेबलमधील कॉलमची नावे स्वतः वाचते आणि प्रत्येक नावासाठी सेटर मेथड पुरवते. यादी आली की प्रत्येक नावापुढे '=' जोडून तयार होणारी मेथड बोलावली जाते. त्यामुळे कॉलम नसला तरी सेटर असलेले नाव चालते. पासवर्ड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सेटरच नसेल तर 'अननोन ॲट्रिब्यूट' एरर येतो. 'असाइन ॲट्रिब्यूट्स' ही मेथड केवळ ऑब्जेक्ट बदलते, 'अपडेट' व्हॅलिडेशन करून नोंद साठवते. 'अपडेट ॲट्रिब्यूट' व्हॅलिडेशन टाळते. 'अपडेट कॉलम' व्हॅलिडेशन आणि कॉलबॅक दोन्ही टाळून थेट डेटाबेसमध्ये लिहिते.

सुरक्षा : वेब फॉर्ममधून आलेली यादी जशीच्या तशी मॉडेलला दिली, तर फॉर्ममध्ये न दाखवलेली नावेही पाठवणाऱ्याला त्यात घालता येतात. 'ॲडमिन' किंवा 'यूजर आयडी' असे कॉलम अशाने उघडे पडतात. ४ मार्च २०१२ रोजी येगोर होमाकोव या प्रोग्रामरने कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेवर हे प्रत्यक्ष दाखवले. रेल्समध्ये बांधलेल्या त्या सेवेच्या पब्लिक-की फॉर्ममधून त्यांनी आपली की रेल्सच्या खात्यात नोंदवली आणि रेल्सच्या मूळ कोडमध्ये बदल केला. गिटहबने त्याच दिवशी त्रुटी दूर केली. होमाकोव यांचे खाते आधी स्थगित झाले, मग पूर्ववत झाले. या घटनेआधी त्यांनी हा धोका रेल्सच्या विकासकांपुढे मांडला होता. जबाबदारी फ्रेमवर्कची की ते वापरणाऱ्याची, याविषयी तेव्हा मतभेद होते.

उपाय : परवानगी असलेल्या नावांची यादी मॉडेलमध्ये देण्याची सोय आधीपासून होती, पण सक्ती नव्हती. मार्च २०१२ अखेरच्या ३.२.३ आवृत्तीपासून नव्या ॲपमध्ये ती आपोआप लागू झाली. २०१३ च्या ४.० आवृत्तीत 'स्ट्राँग पॅरामीटर्स' आले आणि ही तपासणी मॉडेलमधून, वेब विनंती हाताळणाऱ्या कंट्रोलरमध्ये गेली. एकच मॉडेल सामान्य वापरकर्ता आणि व्यवस्थापक वेगवेगळ्या अधिकाराने भरतात, म्हणून हा बदल महत्त्वाचा ठरतो.

इतर फ्रेमवर्क : लाराव्हेलमध्ये 'फिलेबल' आणि 'गार्डेड' याद्या असतात. जँगोमध्ये पायथनचे 'सेटॲटर' वापरतात. तेथे फील्डचे नाव चुकले तरी सहसा एरर येत नाही आणि मूल्य साठवलेही जात नाही.

वर्गीकरण : सॉफ्टवेअरमधील कमकुवत जागांच्या सीडब्ल्यूई या यादीत ही त्रुटी सीडब्ल्यूई-९१५ या क्रमांकाने येते.

मूल्य बाहेरून येऊ शकते. ते कोणत्या ॲट्रिब्यूटमध्ये जावे हे मात्र प्रोग्रामरनेच ठरवले पाहिजे. कंट्रोलरमध्ये 'परमिट!' ही मेथड लिहिल्यास सर्व नावांना मोकळीक मिळते आणि स्ट्राँग पॅरामीटर्सचे संरक्षण संपते, म्हणून फॉर्ममधून आलेल्या माहितीवर ते वापरू नये.