गोल नाही, गोलसर

परवा ऑफिसात एक बग आला. जुन्या सरकारी नकाशावरचे पुण्याजवळचे काही बिंदू जीपीएसवाल्या नकाशावर टाकले, तर सगळेच्या सगळे शे-सव्वाशे मीटर सरकलेले! दोन दिवस डोकं फोडलं. कोड बरोबर होता. भानगड अशी की दोन्ही नकाशे पृथ्वीला गोलसर मानत होते, पण दोघांचं 'गोलसर' वेगळं होतं.

आपल्या मराठीत हा 'सर' मोठा गमतीचा. काळसर, ओलसर, गोलसर. म्हणजे आहे, पण पुरतं नाही. मला हा शब्द जरा आळशी वाटायचा. (इंजिनियरला टॉलरन्स लागतो हो, प्लस-मायनस किती ते सांगा!) पण गोलसर म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, गोलपणा बिघडलाय कुठल्या बाजूने? दाबल्यासारखा की ओढल्यासारखा?

नेमक्या याच प्रश्नावर युरोपात पन्नासेक वर्षं भांडण चाललं होतं. १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळ कायेनला गेला, तर पॅरिसमध्ये नीट चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया'त सांगितलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून मध्ये फुगलेली आणि ध्रुवांवर चपटी आहे. संत्र्यासारखी. इकडे पॅरिसच्या झाक कासिनीने फ्रान्सची उत्तर-दक्षिण मोजणी करून बरोबर उलटं सांगितलं, ध्रुवांकडे लांबट, लिंबासारखी! कासिनी काही अडाणी नव्हता. फ्रान्सच्या लांबीत पडणारा फरकच इतका बारीक, की मोजणीच्या चुकांत तो बुडून गेला.

मग फ्रेंच अकादमीने दोन तुकड्या पाठवल्या. १७३५ मध्ये एक पेरूला (तो भाग आज इक्वेडोरमध्ये आहे), १७३६ मध्ये दुसरी थेट लॅपलँडला. तर्क साधा होता. चपट्या भागाला बाक कमी, त्यामुळे तिथे अक्षांशाचा एक अंश ओलांडायला जास्त अंतर चालावं लागणार. मोपेर्त्युईची लॅपलँडची तुकडी १७३७ मध्ये परतली. तिथला अंश पॅरिसपेक्षा लांब भरला. न्यूटन जिंकला! पेरूवाले मात्र अँडीजच्या डोंगरांत आपापसात भांडत वर्षानुवर्षं मोजतच राहिले. त्यांचा सर्जन १७३९ मध्ये तिथल्या दंगलीत मारला गेला. बुगे १७४४ मध्ये पॅरिसला पोचला, तेव्हा निकाल लागून सात वर्षं झाली होती. उत्तर तेच, चपटी.

आणि एवढा जीव टाकला तो किती फरकासाठी? त्रिज्या विषुववृत्तावर ६३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६३५७. एक मीटर व्यासाच्या ग्लोबवर जेमतेम साडेतीन मिलिमीटर. डोळ्याला कळणारसुद्धा नाही.

असो. भारतातली मोठी त्रिकोणमितीय मोजणी वापरून जॉर्ज एव्हरेस्टने (हो, तोच, शिखरवाला) १८३० मध्ये आपलं गोलसर ठरवलं. आपले सर्वेक्षण खात्याचे नकाशे त्याच मापावर बनत आले. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीची मालिका जीपीएसच्या मापावर आणली. दोन्हींचा चपटेपणा थोडा वेगळा आणि केंद्रही वेगळ्या जागी. माझे सव्वाशे मीटर गेले ते तिथे.

बग बंद करताना कारणाच्या रकान्यात मी 'दोन गोलसर' एवढंच लिहिलं. टेस्टरने तो लगेच परत उघडला.