सरखेल आणि वजारतमाब

कुंडलिकेच्या मुखाशी, पैलतीरी कोर्लईचा डोंगर आणि भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या असलेले रेवदंडा म्हणजे फिरंग्यांच्या चौलाचा कोट. १५७०-७१ चा निजामशाही वेढा पचवून १७४० पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली राहिलेल्या या कोटाच्या उत्तरेस काही कोसांवर, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात, आंग्रे घराण्याची गादी होती. ती मोडावी म्हणून १७२१ साली मुंबईकर इंग्रजांच्या आणि गोव्याच्या विजरईच्या फौजा याच चौलास एकत्र आल्या. परंतु छत्रपती शाहूची कुमक पोहोचताच पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परभारे तह केला आणि इंग्रजांस हात हालवीत परत फिरावे लागले.

कान्होजी आंग्र्यांचे सामर्थ्य जितके त्यांच्या गुराबा-गलबतांत होते, तितकीच त्यांची प्रतिष्ठा ‘सरखेल’ या पदवीत होती. मात्र ही पदवी केवळ शोभेचा किताब नसून आरमाराच्या आधिपत्याचा अधिकार होता, आणि तो देणाऱ्याच्या मर्जीने मिळे. गादीसाठी शाहूशी झगडणाऱ्या ताराबाईच्या पक्षास असलेल्या कान्होजींनी १७१३ मध्ये शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यास कैद केले, तेव्हा शाहूचा मुत्सद्दी बाळाजी विश्वनाथ याने तलवारीऐवजी मसलतीचा आश्रय घेतला. त्या समेटाने कान्होजी शाहूचे सेवक झाले, आणि सरखेली व किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. जो दौलतीचा शत्रू, तोच एका करारनाम्याने दौलतीचा आधारस्तंभ ठरला.

१७२९ मध्ये कान्होजी वारले, १७३३ मध्ये त्यांचे ज्येष्ठ पुत्र सेखोजीही गेले, आणि संभाजी व मानाजी या बंधूंत कलह माजला. इंग्लंडातील उमराव घराण्यांत किताब आणि बहुधा जहागीरही अखंड थोरल्या मुलाकडे जाते, त्यामुळे धाकटे भाऊ मानाने नाही तरी मिळकतीने उणे राहतात. येथे पेशवा बाजीरावाने १७३५ मध्ये वाटणीचाच मार्ग काढला. संभाजीस सरखेली आणि दक्षिणेकडील विजयदुर्ग, मानाजीस ‘वजारतमाब’ हा किताब आणि कुलाबा, अशी तोड झाली. भाऊबंदकीवर तो तात्पुरता उतारा होता. पण एका आरमाराची दोन आरमारे झाली, आणि दोघेही धनी पेशव्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

संभाजीच्या पश्चात सरखेली तुळाजीस मिळाली. तो पेशव्यांस जुमानीना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी संगनमत केले. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि कर्नल क्लाइव्हची पलटण विजयदुर्गावर चालून गेली, तुळाजीचे आरमार जळून खाक झाले, आणि तो जन्माचा कैदी झाला. ज्या क्लाइव्हने ही सरखेली बुडविण्यास हातभार लावला, तो पुढल्याच वर्षी प्लासी जिंकून १७६२ मध्ये ‘प्लासीचा बॅरन’ झाला, आणि त्याचा पुत्र एडवर्ड १८०४ मध्ये पोविसचा अर्ल. एका घराण्याच्या उच्चपदाचा इतिहास दुसऱ्याच्या ऱ्हासाच्या दप्तरात असा सापडतो.

कुलाब्याची शाखा टिकली. मात्र १८२२ च्या तहाने दुसऱ्या रघुजीने ईस्ट इंडिया कंपनीचे सार्वभौमत्व, आणि त्यासोबत गादीवर बसविण्याचा तिचा हक्क, मान्य केला. १८३८ च्या अखेरीस रघुजी निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्र काही महिन्यांतच गेला, दत्तकाची परवानगी नाकारण्यात आली, आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. वारस नसलेली संस्थाने खालसा करण्यासाठी प्रसिद्ध असलेला गव्हर्नर-जनरल डलहौसी येण्यापूर्वीच हे घडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पदवी देणाऱ्या सत्तेकडून ती नूतन करून घ्यावी हा मराठी राज्याचा रिवाज होता, आणि त्यात नजराण्याला जागा होती, मसलतीला होती, भांडणालाही होती. कंपनीने तो रिवाज उचलला, मसलत मात्र गाळली. आपल्या उमरावांची घराणी जी सत्ता वंशपरंपरेच्या नियमाने अबाधित राखीत होती, तिनेच आंग्र्यांस वारसाचा प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याचा अधिकारही स्वतःकडेच ठेवला.